परसांतील टाकी



नवें घर बांधून झालें, वास्तुशांत झाली, म्हणजे यजमान पाहुण्यांना घर दाखवीत हिंडतो. देवघर दाखविलें जातें, स्वयंपाकघरांतील ओटा दाखविला जातो, गच्चीवरून दिसणारा डोंगर दाखविला जातो. स्नानगृहांतील लाद्यांची किंमतहि बोलण्याच्या ओघांत सहज सांगितली जाते. मात्र परसांत, जमिनीखालीं जी एक टाकी पुरलेली असते, ती कोणी दाखवीत नाहीं आणि कोणी पाहूंहि इच्छीत नाहीं. घरांतील मंडळी त्या घरांत चाळीस चाळीस वर्षें राहतात; पण टाकी किती लांब, किती खोल, तिचें झाकण नेमकें कोठें, तिच्यांतून बाहेर पडणारें पाणी जातें कोठें, हें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. तें गवंड्याला ठाऊक होतें. आणि तो गवंडी आतां राहिलेला नाहीं.

ज्या शहरांतून भुयारी गटारें गेलीं आहेत तेथील घरमालकाला ही काळजी नाहीं. त्याचा मैला नळांतून वाहून जातो व पुढची जबाबदारी नगरसंस्थेवर पडते. परंतु महाराष्ट्रांतील पुष्कळशा लहान नगरांना व बहुतेक सर्व खेड्यांना ही सोय नाहीं. तेथें प्रत्येक घर हें या एका बाबतींत आपल्यापुरती एक छोटी नगरपालिकाच असतें. त्या नगरपालिकेचे नियम छापलेले आहेत, ते कचेरींत मिळतात, आणि घराच्या नकाशावर त्यांना धरून एक लहानसा चौकोन काढून ‘सेप्टिक टँक’ असें लिहिलेलेंहि असतें. नकाशा मंजूर होतो. पुढें परसांत प्रत्यक्ष काय बांधलें गेलें हें पाहण्यास फारसें कोणी येत नाहीं.

या टाकीचा इतिहास मनोरंजक आहे. फ्रान्समध्यें झाँ लुई मुरास नांवाच्या गृहस्थानें सन १८६० च्या सुमारास घरचा मैला सांठविण्यासाठीं एक बंदिस्त टाकी बांधली. कांहीं वर्षांनीं ती उघडली तेव्हां ती घट्ट मैल्यानें गच्च भरलेली असेल ही अपेक्षा खोटी ठरली. आंत बहुतेक सगळें पाणीच होतें. बंद अंधारांत, हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु मैला कुजवून विरघळवितात, हें त्यामागचें रहस्य. १८८१ त मुरासनें आपल्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें १८९५ त इंग्लंडांतील एक्सेटर या नगरीं डोनाल्ड कॅमेरून यानें याच तत्त्वावर टाकी उभारली व तिला ‘सेप्टिक’, म्हणजे कुजविणारी, असें नांव दिलें. आपल्या मुंबईनेंहि या कामीं दिरंगाई केली नाहीं. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ च्या सुमारास अशा टाकींतील वायु धरून त्यावर इंजिन चालविण्यांत आलें होतें. ज्या वायूनें तेथें इंजिन चाललें, तोच वायु आज परसांतील टाकींत उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर उठतो. पण तें पुढें येईलच.

टाकी येण्यापूर्वीं काय होतें, हें साठी उलटलेल्या पुष्कळ लोकांना आठवत असेल. घराच्या मागील बाजूस अरुंद बोळ, त्या बोळांत उघडणारी संडासाची खालची झडप, तींत ठेवलेली टोपली किंवा डबा, आणि पहाटे तो डबा डोक्यावर घेऊन जाणारा माणूस. पुष्कळ ठिकाणीं बाईच. घरच्या माणसांनीं त्या व्यक्तीचें तोंड कधीं पाहिलेलें नसे. मुंबई सरकारनें १९४९ त या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं श्री. वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली होती. त्याहि आधीं, डिसेंबर १९३२ मध्यें, रत्नागिरीच्या तुरुंगांत असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम आपणांस करूं द्यावें अशी मागणी केली. ती नाकारली गेली म्हणून येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींनीं उपोषण आरंभिलें. एका सुशिक्षित ब्राह्मणानें मैला काढण्याचा हक्क मागावा व त्यासाठीं उपोषण व्हावें, ही गोष्ट त्या काळीं पुष्कळांना चमत्कारिक वाटली असेल. अप्पासाहेबांनीं पुढें कोंकणांत कणकवलीजवळ गोपुरी येथें माणसाचा हात मैल्याला न लागतां खत तयार होईल अशा संडासाचे प्रयोग केले. टोपलीचे संडास बांधण्यास व माणसाकरवीं मैला वाहवून घेण्यास कायद्यानें बंदी आली ती मात्र १९९३ त.

तेव्हां सेप्टिक टाकी ही केवळ सोयीची वस्तु नव्हे. एका वर्गाच्या डोक्यावरील टोपली उतरविण्याचें तें एक साधन होतें. दुर्दैव असें कीं नियम बाजूस सारून बांधलेल्या टाकीनें त्याच वर्गांतील माणसाला टोपलीऐवजीं आंत उतरावयास लावलें.

आतां एखाद्या तालुक्याच्या गांवीं नवें घर बांधणारा, नुकताच सेवानिवृत्त झालेला गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. पाया भरला आहे, भिंती कमरेपर्यंत आल्या आहेत, आणि टाकीचा विषय निघतो.

“मिस्त्री, टाकी केवढी धरायची?”

“अण्णा, चांगली दहा बाय दहाची करूं. एकदां बांधली कीं नातवंडांच्या लग्नापर्यंत उपसायला नको.”

“आणि तळाला काँक्रीट?”

“तळ मोकळा सोडूं. पाणी आपोआप जिरतं. काँक्रीटचा खर्च कशाला?”

अण्णांना हिशेब पटतो. मिस्त्री मनुष्य वाईट नव्हे; त्याचा बापहि तसेंच बांधीत असे. परंतु या चार वाक्यांत दोन मोठ्या चुका आहेत. तळ मोकळा असलेली ती टाकी नव्हे, तें मैल्याचें आड झालें. आणि मोठ्या आकारानें उपसण्याचें काम टळत नाहीं, तें पुढील पिढीवर ढकललें जातें. तीस वर्षें सांचलेला गाळ दगडासारखा घट्ट होतो, गाडीच्या नळीनें तो ओढला जात नाहीं, आणि मग ‘कोणीतरी आंत उतरवा’ अशी भाषा सुरू होते.

वास्तविक पाहतां टाकी फार मोठी लागतच नाहीं. भारतीय मानक संस्थेच्या २४७० क्रमांकाच्या मानकांत, जें १९८५ त सुधारून प्रसिद्ध झालें, टाकीचीं मापें दिलेलीं आहेत. पांच माणसांच्या घराला, दर दोन वर्षांनीं उपसावयाची असेल तर, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व १.०५ मीटर पाण्याची खोली एवढी टाकी पुरते. दहा माणसांना दोन मीटर लांबी, ९० सेंटिमीटर रुंदी व १.४० मीटर खोली. त्यावर सुमारें ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावयाची. टाकी कितीहि लहान कुटुंबासाठीं असली तरी रुंदी ७५ सेंटिमीटरांहून व पाण्याची खोली एक मीटराहून कमी नसावी, तींत निदान एक हजार लिटर पाणी मावावें, आणि लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत असावी. लांबीचा हा आग्रह कशासाठीं? मैल्याचें पाणी एका टोकानें आंत येऊन दुसऱ्या टोकाला पोंचेपर्यंत त्याला निवांतपणा मिळावा, जड भाग तळाशीं बसावा, हलका भाग सायीसारखा वर तरंगावा, आणि मधलें त्यांतल्या त्यांत नितळ पाणी बाहेर पडावें, एवढ्यासाठीं. चौरस टाकींत पाणी सरळ शिरून सरळ निघून जातें. येण्याच्या व जाण्याच्या तोंडाशीं आडभिंत किंवा ‘टी’ आकाराचा नळ बसवितात तोहि याच हेतूनें. तो नसला म्हणजे वरची साय पाण्याबरोबर वाहून शोषखड्ड्यांत जाते व त्याचीं छिद्रें बुजतात.

टाकी बांधून झाल्यावर ती रिकामी ठेवून वापरास प्रारंभ करावयाचा नसतो. बाहेर जाणाऱ्या नळाच्या पातळीपर्यंत ती आधीं पाण्यानें भरावी, आणि दुसऱ्या चालू टाकींतील थोडा गाळ तींत टाकावा, असें मानक सांगतें. दह्याला विरजण लागतें तशांतलाच हा प्रकार. गृहिणींना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. पावसाचें पाणी टाकींत कधींहि सोडूं नये. संडासांत दररोज भरपूर फिनेल व ॲसिड ओतणारी स्वच्छताप्रिय माणसें आंतील जंतूंना मारतात व मग टाकीला वास येतो म्हणून आणखी फिनेल आणतात.

यापेक्षां महत्त्वाची गोष्ट अशी कीं टाकींतून बाहेर पडणारें पाणी शुद्ध नसतें. बहुतेकांचा येथेंच घोटाळा होतो. तें पाणी पाहिलें तर फार गढूळ दिसत नाहीं, त्यामुळें टाकीचा नळ रस्त्याकडेच्या उघड्या गटारांत सोडण्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु पटकी, विषमज्वर, कावीळ व जंत यांचें बीज त्या पाण्यांत जिवंत असतें. टाकी मैला बसविते; ती रोग मारीत नाहीं. म्हणूनच पुरेशी शुद्धि केल्यावांचून हें पाणी उघड्या गटारांत किंवा जलाशयांत कोणत्याहि परिस्थितींत सोडूं नये असा नियम आहे. सर्व नियमांत हा सर्वाधिक मोडला जाणारा नियम असावा. तालुक्याच्या कोणत्याहि गांवीं सकाळीं एक फेरी मारली तर पुरावा आपोआप मिळतो.

तें पाणी जमिनींत जिरवावें, हा नियमाचा मार्ग. त्यासाठीं शोषखड्डा घेतात. त्याची रुंदी कोठेंहि ९० सेंटिमीटरांहून कमी नसावी, आंत येणाऱ्या नळाच्या खालीं निदान एक मीटर खोली असावी, भिंतीचे दगड वा विटा सांध्यांत चुना-सिमेंट न घालतां रचाव्यात, आणि बाहेरच्या बाजूनें खडीचा थर द्यावा. शोषखड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याची विहीर निदान १८ मीटर व राहतें घर ६ मीटर दूर असावें असें राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. स्थानिक नियमावल्यांत हीं अंतरें कमी-अधिक आढळतात. कांहीं ठिकाणीं विहिरीपासून १२ मीटरहि मान्य केलेले आहेत.

पण येथें केवळ फूटपट्टीवर विसंबून भागत नाहीं. महाराष्ट्राची जमीन एकसारखी नाहीं. देशावरील काळी माती पावसाळ्यांत फुगते व पाणी धरून ठेवते. तींत खणलेला शोषखड्डा आषाढांत तोंडापर्यंत भरतो आणि त्यांतील पाणी अंगणांत येतें. याच्या उलट कोंकणांतील जांभा. त्याच्या पोटांत भोंकें व भेगा असतात. पाणी इतक्या त्वरेनें खालीं जातें कीं घरमालक प्रसन्न होतो. तें जिरतें असें त्याला वाटतें. प्रत्यक्षांत तें गाळलें न जातां भेगांतून वाहत असतें, आणि उताराच्या बाजूला शेजाऱ्याची विहीर असते. त्या विहिरीपर्यंतचें अंतर कागदावर नियमाप्रमाणें बरोबर असूं शकतें. मातींतून हळूहळू झिरपतांना पाण्यांतील जंतु गाळले जातात व मरतात, ही सर्व नियमांमागील कल्पना. माती तें काम करीत नसेल तर अंतर मोजून काय उपयोग? म्हणून खड्डा खणण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा सांगितली आहे. एक लहान भोंक खणून रात्रभर त्यांत पाणी मुरूं द्यावें व दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाणी ओतून तें किती वेळांत किती उतरतें हें घड्याळ लावून पाहावें. पाणी फारच सावकाश उतरत असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडून दुसरी योजना करावी. झरझर उतरत असेल तर विहिरीच्या बाजूचा विचार दुप्पट करावा. ही परीक्षा करण्यास एक फावडें व एक बादली लागते. ती केलेला घरमालक शोधूं जातां सांपडणें कठीण.

टाकीला हवेचा नळ असतो, तोहि पुष्कळांना शोभेची वस्तु वाटतो. त्याचा व्यास निदान ५० मिलिमीटर असावा व तोंडाला डांस शिरणार नाहींत अशी बारीक जाळी बसवावी. टाकी घरापासून १५ मीटर वा अधिक दूर असेल तर त्याची उंची सुमारें दोन मीटर पुरते. त्याहून जवळ असेल तर नळ इमारतीच्या माथ्याच्याहि वर दोन मीटर न्यावा. जाळी फाटली कीं टाकी डांसांचें माहेरघर होते.

खेड्यांतील लहान कुटुंबाला तर या टाकीहून दोन खड्ड्यांचा शौचकूप पुष्कळदां अधिक सोयीचा. बिंदेश्वर पाठक यांनीं १९७० पासून बिहारमध्यें या पद्धतीचा प्रसार केला आणि २०१४ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानांतहि तिचा पुरस्कार झाला. एक खड्डा भरला कीं मैला दुसऱ्याकडे वळवावयाचा व पहिला दीड-दोन वर्षें तसाच बंद ठेवावयाचा. तेवढ्यांत त्याचें मातीसारखें, वास नसलेलें खत होतें. परंतु कंत्राटदारानें दोन खड्ड्यांचे पैसे घेऊन एकच खणला, किंवा दोन्ही खड्डे एकाच वेळीं चालू ठेवले, तर त्या पद्धतीचा प्राणच गेला.

आतां तो वायु. बंद टाकींत मैला कुजतांना मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे दोन वायु निर्माण होतात. पहिला पेट घेतो. म्हणून झाकण उघडल्यावर आंत काडी पेटवून पाहणें हा शुद्ध वेडेपणा. दुसरा अधिक कपटी. प्रारंभीं त्याला सडक्या अंड्याची घाण येते, परंतु प्रमाण वाढलें कीं तो वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. उतरणाऱ्याला वाटतें, वास गेला, आतां भय नाहीं. एक-दोन श्वासांत तो कोसळतो. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला काढण्यासाठीं उडी घेतो, मग तिसरा. वर्तमानपत्रांत अशा बातम्यांत एकाच टाकींत दोन-तीन नांवें एकत्र येतात तीं यामुळें. तासभर झाकण उघडें ठेवलें, बादलीभर पाणी ओतलें, कंबरेला दोर बांधला, एवढ्यानें ती टाकी निर्धोक होत नाहीं.

या बाबतींत कायदा स्पष्ट आहे आणि तो केवळ नगरपरिषदेपुरता नाहीं. २०१३ च्या डिसेंबरांत अंमलांत आलेल्या कायद्यानें, आवश्यक संरक्षक साधनें व दक्षता यांवांचून, कोणाहि माणसाला गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठीं प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामास लावण्यास बंदी केली आहे. ही बंदी ‘कोणत्याहि व्यक्तीला’ लागू आहे. त्या व्यक्तींत रविवारीं सकाळीं नाक्यावरून दोन मजूर बोलावून आणणारे अण्णाहि आले. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. पुन्हां घडल्यास पांच वर्षें व पांच लाखांपर्यंत मर्यादा. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१४ मध्यें गटारांत मृत्यु पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला व ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाख केली. ‘त्यानें स्वतःच पैसे ठरविले होते, आम्हीं कोठें सक्ति केली?’ हें बचावाचें वाक्य नेहमींचें आहे. पांचशें-हजार रुपयांसाठीं जो माणूस त्या काळ्या चौकोनांत पाय घालतो, त्याला सक्ति करण्यास घरमालकाची गरज नसते.

टाकी यंत्रानें, मैलागाडीच्या नळीनें उपसावी, आणि दर दोन-तीन वर्षांनीं उपसावी, म्हणजे गाळ मऊ असतांनाच तो ओढला जातो. उपसतांना थोडा जुना गाळ तळाशीं राहूं द्यावा. गाडी भरल्यावर ती जाते कोठें, हा प्रश्न मात्र घरमालकाच्या हातांत नाहीं; पुष्कळ गांवीं ती अंधार पडल्यावर ओढ्याकडे जाते. फेब्रुवारी २०१७ मध्यें केंद्र सरकारनें या गाळाच्या व्यवस्थेचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. कृष्णाकांठच्या वाईच्या नगरपरिषदेनें २०१८ मध्यें तर गाळावर प्रक्रिया करणारें केंद्र सुरू केलें व तक्रारीची वाट न पाहतां प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदां क्रमानें उपसण्याची योजना घातली. त्यासाठीं घरपट्टीबरोबर स्वच्छतेचा कर ठेवला. नाशिक जिल्ह्यांतील सिन्नरनेंहि तोच मार्ग धरला. येथें नियमाचें स्वरूपच पालटतें. टाकी तुंबल्यावर धांवाधांव करण्याऐवजीं ठरल्या महिन्यांत गाडी दारांत उभी राहते, आणि घरमालकाला फक्त झाकण दाखवावें लागतें.

आणि झाकणाशींच सारें येऊन अडतें. पेठांतील जुन्या वाड्यांच्या बोळांतून गाडी आंत येत नाहीं, नळी पुरत नाहीं. नव्या घरांत टाकी जिन्याखालीं किंवा मोटार उभी करण्याच्या जागीं असते व वर चकचकीत लाद्या बसविलेल्या असतात. अण्णांच्या घरीं असाच प्रसंग आला. माणूस नोंदवही घेऊन दारांत उभा. अण्णा, त्यांचा मुलगा व शेजारी असे तिघे काठीनें लाद्या ठोकून पोकळ आवाज कोठें येतो हें ऐकत होते. मिस्त्रीला फोन लावला. त्याच्या मुलानें तो घेतला.

“काका, बाबा सांगायचे, पश्चिमेच्या कोपऱ्यांत, पेरूच्या झाडापासून चार हातांवर. पण तुम्हीं पेरू तोडलात ना?”

शेवटीं सहा लाद्या फुटल्या. झाकण सांपडलें. त्यावर आतां उघडतां येणारी लोखंडी चौकट बसविली आहे, भिंतीवर उपसल्याची तारीख रंगानें लिहिली आहे, आणि मोकळा तळ बुजवून नियमाच्या मापाची दुसरी टाकी बांधण्याचें काम दिवाळीनंतर निघावयाचें आहे. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी तपासणीला गेलें आहे. अहवाल अजून यावयाचा आहे, आणि तोंवर दोन्ही घरांत पाणी उकळून पितात.